दहाव्याच्या आत

बॅकअपसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असं ऑफिसात कुणी विचारलं की आम्ही आधी दोन उलट प्रश्न विचारतो. बिघाड झालाच तर किती वेळाचं काम गमावलेलं चालेल? आणि सगळं पूर्ववत व्हायला किती वेळ थांबता येईल? पहिल्या उत्तराला आरपीओ म्हणतात, दुसऱ्याला आरटीओ. (आरटीओ म्हटलं की आमच्या घरी सगळ्यांना लायसन आठवतं, पण हे वेगळं.) बँकेचं उत्तर काही मिनिटांचं असतं, एखाद्या छोट्या दुकानाचं दोन दिवसांचं. हे आकडे मोठ्या मीटिंगमध्ये ठरतात, त्यावर सह्या होतात आणि मग सॉफ्टवेअर निवडलं जातं.

जुन्या जालन्यात, गांधी चमनपासून पाच मिनिटांवर, माझ्या पप्पांचा फोटो स्टुडिओ आहे. तिथला आरटीओ कुठल्याही मीटिंगमध्ये ठरलेला नाही. तो आहे दहावा.

स्टुडिओत लोक पासपोर्ट फोटोला येतात, लग्नाची ऑर्डर द्यायला येतात, बाळाचा पहिला फोटो काढायला येतात. जुना फोटो मागायला मात्र बहुतेक वेळा एकाच कारणानं येतात. घरातलं कुणी गेलेलं असतं. थोरला मुलगा किंवा जावई दुकानाच्या पायरीशी उभा राहतो, चप्पल काढू की नको अशा विचारात, आणि म्हणतो, “काका, आमच्या बापूंचा एखादा चांगला फोटो असंल का तुमच्याकडं? धाकट्याच्या लग्नात तुम्हीच होता.” दहाव्याला फोटो ठेवायचा असतो. प्रिंट, लॅमिनेशन, फ्रेम यांना एक दिवस लागतो. गेलेल्या दिवसापासून माणसं भानावर यायला तीन-चार दिवस जातात. म्हणजे फोटो शोधायला उरतात जेमतेम चार दिवस. तारीख पुढे ढकलता येत नाही.

पप्पा १९९४ पासून या धंद्यात आहेत. सुरुवातीची वर्षं निगेटिव्हची. त्या पाकिटांत घालून, वर नंबर टाकून बुटांच्या खोक्यांत ठेवलेल्या आहेत आणि आजही निघतात. मग डिजिटल कॅमेरा आला आणि खोक्यांची जागा सीडी, डीव्हीडी, शेवटी हार्ड डिस्क यांनी घेतली. आज स्टुडिओच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरमध्ये आणि त्याला लटकणाऱ्या डिस्कांमध्ये मिळून २.७ टीबी फोटो आहेत. अंबड, बदनापूर, परतूर, मंठा, भोकरदन, कुठलं म्हणून गाव सुटलेलं नसेल. फोल्डरांची नावं मात्र ‘न्यू फोल्डर (७)’ आणि ‘अर्जंट फायनल २’ अशी.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत मी नोकरीला नवीन होते आणि घरूनच काम करत होते. कोरोनाची दुसरी लाट होती. स्टुडिओचं शटर बंद असे, पण लोक घराच्या दारात येत. तोंडावर मास्क, लांब उभं राहून बोलणं. त्या दोन महिन्यांत पप्पांनी जेवढे जुने फोटो शोधून दिले, तेवढे आधीच्या दोन वर्षांतही दिले नसतील. कितीतरी घरांत शेवटचं दर्शन झालेलं नव्हतं. तेव्हा फोटोचं महत्त्व नेहमीसारखं राहिलं नव्हतं.

त्यातच एक कुटुंब आलं, त्यांचं लग्न २००९ चं. ते काम एका डिस्कवर होतं आणि त्याची नक्कल डीव्हीड्यांवर. डिस्क जोडली की टक-टक असा आवाज येई आणि कॉम्प्युटर तिला ओळखत नसे. डीव्हीड्या निघाल्या, पण त्यांतल्या काही वाचल्याच गेल्या नाहीत, काहींत फोल्डर दिसत आणि फोटो उघडत नसत. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरावर असते. तो थर उष्णतेनं आणि उजेडानं खराब होतो, आणि जालन्याचा उन्हाळा पत्र्याच्या कपाटाला काय करतो ते सांगायला नको. दोन रात्री खटपट करून मी हरले. तिसऱ्या दिवशी पप्पांनी त्यांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्यांनी आजींच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. प्रिंट पप्पांनीच काढली, पैसे घेतले नाहीत. तो फोटो कसा दिसत होता ते मी लिहिणार नाही. आधार कार्डावरचा स्वतःचा फोटो आठवून पाहा.

लक्षात घ्या, बॅकअप होता. दोन प्रती होत्या, दोन वेगळ्या माध्यमांवर. तरी फोटो नव्हता.

त्यानंतर मी स्टुडिओसाठी बॅकअप सॉफ्टवेअर शोधायला बसले आणि आमच्या क्षेत्रातल्या सवयीप्रमाणे आधी तक्ता केला.

पहिली चाळणी सोपी होती. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह यांना लोक बॅकअप समजतात. त्यांचं मुख्य काम सिंक करणं, म्हणजे इथे जे आहे तेच तिथे ठेवणं. इथे फाइल पुसली की तिथूनही पुसली जाते, आणि कचरापेटीची मुदत संपली की कायमची जाते. शिवाय गूगलची फुकट जागा १५ जीबी, म्हणजे आमच्याकडची एखाद-दुसरी हळदच मावेल. विकत जागा घेतली तरी हिशेब जुळत नव्हता. आमच्या लाइनला अपलोडचा वेग तेव्हा १० एमबीपीएस मिळायचा. २.७ टीबी चढवायला रात्रंदिवस न थांबता पंचवीस दिवस. मध्ये लाइट जाणार नाही असं धरून.

दुसरा प्रकार अख्ख्या डिस्कची इमेज घेणारा. विंडोज, फोटोशॉप, प्रिंटरचे ड्रायव्हर, सगळं जसंच्या तसं परत उभं राहतं. कॉम्प्युटर बसला तर हा उत्तम. पण ती इमेज उघडायला तेच सॉफ्टवेअर लागतं, आणि सॉफ्टवेअरलाही आयुष्य असतं. मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती वर्षानुवर्षं लोकांची आवडती होती. २०२४ च्या जानेवारीत तिचा आधार बंद झाला. क्रॅशप्लॅननं घरगुती ग्राहकांची सेवा २०१८ मध्ये थांबवली. आमच्या खोक्यांतल्या निगेटिव्ह तीस वर्षं जुन्या आहेत. तीस वर्षं टिकलेलं बॅकअप सॉफ्टवेअर मी तरी वापरलेलं नाही.

तिसरा प्रकार माझ्या आवडीचा. रेस्टिक, बोर्ग, कोपिया. बोर्ग विंडोजवर सरळ चालत नाही, म्हणून रेस्टिक. हे सॉफ्टवेअर फाइलचे तुकडे करतं, सारखे तुकडे एकदाच साठवतं, प्रत्येक तुकड्याचा एसएचए-२५६ ठसा ठेवतं आणि सगळं कुलूपबंद करतं. कालचं, परवाचं, मागच्या वर्षीचं, कुठल्याही दिवसाचं चित्र परत मागता येतं. एक बिटही बदलला तर तपासणीत कळतं. मी ते माझ्या लॅपटॉपवर वापरते आणि माझं त्यावर प्रेम आहे. मी एका डिस्कवर स्टुडिओचा एक महिना रेस्टिकनं घेतला आणि पप्पांना दाखवायला बसले.

पप्पांनी सवयीनं डिस्कवर डबल क्लिक केलं. आत ‘डेटा’ नावाचं फोल्डर. त्यात दोन-दोन अक्षरी नावांची २५६ फोल्डरं. त्यांत लांबलचक नावांच्या, कशानंच न उघडणाऱ्या फाइली.

“ह्यात लग्न कुठंय?” पप्पांनी विचारलं.

मी काळी खिडकी उघडून दोन कमांड दिल्या, पासवर्ड टाकला आणि लग्न काढून दाखवलं.

“अन् तू पुण्यात असली म्हंजे?”

मी म्हटलं, मी फोनवर सांगेन. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून नव्हती. “माणूस पायरीवर उभा राहतो गं. त्याला काय सांगू, पोरगी मीटिंगमध्ये हाय म्हणून?”

माझ्या तक्त्यात दहा रकाने होते. वेग, किंमत, कुलूप, तुकडे, तपासणी. हा रकाना नव्हता: परत काढणार कोण? आमच्या कामात हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे चोवीस तास कुणीतरी ड्यूटीवर असतं. घरातल्या कॉम्प्युटरला तोच पहिला प्रश्न आहे. बॅकअप घेणारा आणि तो उघडणारा ही बहुतेक घरांत दोन वेगळी माणसं असतात. घेणारा हौशी असतो, त्याला वेळ असतो. उघडणाऱ्याला घाई असते आणि बहुधा त्याच्यावर काहीतरी कोसळलेलं असतं. कित्येकदा तर घेणाराच राहिलेला नसतो.

या बाबतीत आमच्याच जिल्ह्यातल्या एका माणसाचं मत मला पटलं. समर्थ रामदासांचा जन्म घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, म्हणजे पोथी कशी लिहावी यावर. अक्षर सुटं आणि वाटोळं असावं, पहिलं अक्षर जसं तसंच ग्रंथ संपेपर्यंत असावं, शाई-कागद-बोरू यांची तयारी कशी ठेवावी, असं सगळं त्यात आहे. त्यात समास सोडण्याबद्दलही आहे. कागदाच्या भोवतीनं जागा मोकळी ठेवून मधेच लिहावं, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. कागद झडणार, हे तिथे गृहीत आहे. मी शाळेत हे ऐकलं तेव्हा शुद्धलेखनाचा उपदेश वाटला होता. आता वाचताना तो बिघाड धरून केलेला विचार वाटतो: झीज कडेला होऊ द्या, मजकूर सगळ्यांना वाचता येईल असा ठेवा. पोथी पुढे कुणाच्या हातात पडेल हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं.

मग मी उलटीकडून निवड केली. परत काढताना पप्पांना फक्त डबल क्लिक करावं लागलं पाहिजे, ही अट आधी आणि बाकी सगळं नंतर. तेव्हा लक्षात आलं की फोटो स्टुडिओला रेस्टिकचे बरेच गुण लागतही नाहीत. एकदा काढलेला फोटो सहसा बदलत नाही. जेपेग आधीच दाबलेली असते, ती आणखी लहान होत नाही. रोज नवे फोटो येतात, जुने तसेच राहतात. म्हणजे साधी नक्कल पुरते.

विंडोजमधली फाइल हिस्टरी आम्ही पाहिली. ती फाइली उघड्या ठेवते हे चांगलं, पण प्रत्येक नावापुढे तारीख-वेळ चिकटवते, आणि लाखभर फोटोंत ते पाहून पप्पा वैतागले. शेवटी फ्रीफाइलसिंक घेतलं. त्यात ‘मिरर’ आणि ‘अपडेट’ असे दोन मार्ग असतात आणि सगळी मेख तिथेच आहे. मिरर म्हणजे आरसा: इथे पुसलं की तिथेही पुसणार. अपडेट फक्त नवं आणि बदललेलं पलीकडे नेतं, पुसत नाही. बदललेल्या फाइलची जुनी प्रत फेकायची नाही, तारखेच्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवायची, अशीही सोय आहे. कुणी चुकून फोटोशॉपमध्ये मूळ फोटोवरच कापाकापी करून सेव्ह केलं तर ती प्रत कामाला येते. डिस्कवर जे जातं ते साधं फोल्डर आणि साधा फोटो. उद्या फ्रीफाइलसिंक बंद पडलं तरी फोटो कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतील.

चार-चार टीबीच्या दोन डिस्का घेतल्या. एका लग्नाचा ॲडव्हान्स त्यात गेला. तीन प्रती, दोन माध्यमं, एक प्रत दुसऱ्या जागी, हा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकारानं लोकप्रिय केला, तोही फोटोवाल्याचाच. आमची दुसरी जागा नव्या जालन्यात, आत्याच्या घरी. मध्ये कुंडलिका. दर रविवारी पप्पा एक डिस्क पूल ओलांडून नेतात आणि तिथली घेऊन येतात. एक डिस्क कायम तारेपासून सुटलेली असते हे महत्त्वाचं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय आला, तसल्या खंडणीखोर प्रोग्रामला जोडलेली डिस्क आणि कॉम्प्युटर यांत फरक कळत नाही. आत्याच्या कपाटातल्या डिस्कपर्यंत पोचायला त्याला रिक्षा करावी लागेल.

यात एक तोटा आहे आणि तो मी पप्पांना सांगितला. डिस्का उघड्या आहेत. चोरीला गेल्या तर लोकांच्या घरच्या लेकीसुनांचे फोटो कुणाच्याही हातात पडतील. कुलूप घालायचं तर पुन्हा पासवर्ड आला आणि पायरीवरचा माणूस आला. पप्पांनी आत्याकडे गोदरेजच्या कपाटातला चोरकप्पा मागून घेतला. आत्यानं दागिने वरच्या कप्प्यात हलवले. सुरक्षिततेवर माझ्या ऑफिसात होणाऱ्या चर्चेपेक्षा ही लवकर संपली.

उरला प्रश्न डीव्हीड्यांचा. म्हणजे असा, की प्रत आहे हे माहीत असणं आणि ती उगवते हे माहीत असणं यांतला फरक.

‘उगवते’ हा शब्द जालन्यात वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली, तेव्हापासून हे बियाण्यांचं गाव आहे. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं तर शेतकरी आधी काय करतो? शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजतो. सत्तर आले तर पेरायला हरकत नाही. पोतं भरलेलं आहे, बियाणं टपोरं दिसतंय, यावर कुणी पेरत नाही.

आमच्या क्षेत्रातल्या मोठ्या फजित्या पोत्याकडे बघून पेरल्यानं झालेल्या आहेत. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’ च्या फाइली एका चुकीच्या कमांडनं पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट घेतलाच जात नव्हता हे तेव्हा कळलं. गॅलिन सुसमन बाळंतपणामुळे घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. तिच्यावर सिनेमा वाचला. २०१७ च्या जानेवारीअखेर गिटलॅबचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअपचे पाच मार्ग होते, ऐन वेळी एकही धड चालेना.

म्हणून आम्ही गोणपाट ठरवलं. वर्षातून चार वेळा, वेगवेगळ्या वर्षांतले शंभर फोटो वाट्टेल तसे निवडायचे आणि बॅकअपच्या डिस्कवरून उघडून डोळ्यांनी बघायचे. शंभरात एखादा फोटो खराब असेल असं प्रमाण असलं, तर तो या शंभरात सापडण्याची शक्यता साधारण ६३ टक्के. तीन टक्के खराब असतील तर ९५. अख्ख्या डिस्कवरच्या फाइलींचे ठसे ताडून बघायला सहा-सात तास लागतात, ते मी रात्री लावून ठेवते. पण ठसा जुळणं म्हणजे आधी होतं तसंच आहे एवढंच. आधीच बिघडलेलं असेल तर बिघाडही तंतोतंत जुळतो. शंभर फोटो पप्पाच बघतात. त्यात वेळ जातो, कारण प्रत्येक फोटोला त्यांच्याकडे गोष्ट असते.

त्या गोष्टींतूनच शेवटचं काम निघालं. एखादं घर सांगितलं की पप्पा म्हणतात, “ते का? थोरलीचं लग्न मंठ्याला, पावसानं मंडप पडला होता, २०१२.” आणि थेट त्या फोल्डरवर जातात. ‘न्यू फोल्डर (७)’ मध्ये कुणाचं लग्न आहे हे त्यांना माहीत आहे, कॉम्प्युटरला नाही. आम्ही २.७ टीबीची नक्कल केली होती, पण शोधायची किल्ली एकाच ठिकाणी होती आणि तिला साठ वर्षं झाली आहेत.

किल्लीची एक अर्धवट प्रत होती: ऑर्डरच्या वह्या. तारीख, आडनाव, गाव, प्रसंग, पैसे. सगळ्या मिळून एकतीस वह्या. मी पानं स्कॅन केली. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा पप्पांनी बसून फोल्डरांची नावं बदलली. आणि मी त्यांना आणखी एक काम लावलं: प्रत्येक लग्नातून घरच्या म्हाताऱ्या माणसांचे एक-दोन नीट फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये काढायचे.

दोन दिवस केल्यावर त्यांनी माउस बाजूला ठेवला. “हे बरं नाही वाटत. जिवंत माणसांची यादी करतोय आपण, कुणाची पाळी म्हणून.” त्यांतले निम्मे लोक रोज दुकानासमोरून जातात, हात करतात. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “सगळ्यांचेच काढा. लेकरांचे, सुनांचे, समद्यांचे. मग यादी कसली?” त्यानं काम तिप्पट वाढलं आणि पप्पा पुन्हा बसले. फोल्डरचं नाव त्यांनी ‘माणसं’ ठेवलं.

‘माणसं’ आणि स्कॅन केलेल्या वह्या मिळून ३८ जीबी होतात. हे आमच्या लाइनवरून एका रात्रीत चढतं. तिथे माझं रेस्टिक आहे, कुलूपबंद, परगावच्या सर्व्हरवर. जुनं जालनं आणि नवं जालनं एकाच वेळी अडचणीत आलं तर ते उघडायचं, आणि ते मीच उघडणार. पासवर्ड कागदावर लिहून आईच्या पोथीत ठेवलाय, कारण तीही मी नसताना उघडता यायला हवी.

मागच्या महिन्यात मी पप्पांची तालीम घेतली. स्टुडिओचा कॉम्प्युटर बंद केला आणि पुण्याहून फोनवर एक आडनाव आणि गाव सांगितलं. आत्याकडची डिस्क, चुलतभावाचा लॅपटॉप, मदत कुणी करायची नाही. पूल ओलांडायला रिक्षा मिळायला वेळ लागला तो धरून सत्तेचाळीस मिनिटांत व्हॉट्सॲपवर फोटो आला. डिस्क जोडल्यापासून मोजलं तर नऊ मिनिटं. खाली पप्पांनी लिहिलं होतं, “हा चालेल का दुसरा देऊ? दुसऱ्यात हसतायत.”

पुढची तालीम दिवाळीनंतर, आणि ती आई देणार आहे.